भांडत नाहीत, एवढ्यावर भागत नाही

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत कुणाच्या घरी नवा पिंजरा आला की दोन-चार दिवसांत त्या घरचं कुणीतरी माझ्याकडे येतंच. आमच्या सोप्यात गिनीपिग आहेत, मागच्या खोलीत कॉकटेल पक्षी आहेत, आणि या जिवांविषयी मी कुणाशीही तासभर बोलते हे गल्लीला ठाऊक आहे. विचारायचं असतं ते बहुतेक एकच. ससा आणि गिनीपिग एकत्र ठेवले तर चालतील का? बजरी पक्ष्यांच्या पिंजऱ्यात कॉकटेल सोडला तर? माशांच्या टाकीत ते रुपयाएवढं हिरवं कासव ठेवलं तर?

यामागे वाईट हेतू नसतो. घरात जागा कमी असते, दुसऱ्या पिंजऱ्याचे पैसे जड वाटतात, पण सगळ्यात मोठं कारण म्हणजे दया. "एकटा पडलाय ओ बिचारा, सोबत पाहिजे की त्याला." ही दया मला फार मोलाची वाटते. ती ज्याच्यासाठी आली त्याच्याच जिवावर उठते तेव्हा मात्र पोटात कालवतं.

गिनीपिगला सोबत हवी असते यात शंका नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००८ च्या प्राणीसंरक्षण नियमांनी गिनीपिग एकटा ठेवायला बंदीच घातली. पण तिथे सोबत म्हणजे दुसरा गिनीपिग. आपल्याकडे त्या जागी ससा येतो, कारण दुकानात दोघे एकाच जाळीत बसलेले असतात, दोघे गवत खातात, आणि वेगळ्या जातीचे म्हणून पिल्लांची भानगड नाही असा हिशेब असतो.

शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीने असाच पिंजरा मांडला होता. पांढराशुभ्र ससा, लाल डोळ्यांचा, चांगला तीन किलोच्या घरातला, आणि त्याच्याबरोबर तपकिरी-पांढऱ्या ठिपक्यांचा किलोभराचाही नसलेला गिनीपिग. तिने मला कौतुकाने बोलावलं. "काकी, बघा की, अजिबात भांडत न्हाईत!" खरंच भांडत नव्हते. ससा मधोमध पाय ताणून पसरला होता. गिनीपिग कोपऱ्यात पाण्याच्या बाटलीखाली बसला होता, अंग फुगवून, तोंड भिंतीकडे. मी म्हटलं, तू कोथिंबीर आण, आपण बसू जरा.

कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज झाला की आमच्या सोप्यात शिट्ट्यांचा कल्लोळ उठतो. गिनीपिग मागच्या पायांवर उभे राहून 'वीक, वीक' करत जाळीला लोंबतात. इथे पिशवी वाजली, गिनीपिगने मान वळवली, आणि बाहेर आवाज आला तो अर्धाच. जुडी आत पडताच ससा उठला. त्याने गिनीपिगला काही केलं नाही, फक्त जुडीवर येऊन बसला. गिनीपिग दोन पावलं पुढे आला, थांबला, परत गेला. पुन्हा आला. तेवढ्यात सशाने त्याच्यासमोर मान जमिनीला टेकवली. सशांच्या रीतीत याचा अर्थ 'माझं डोकं चाट' असा असतो. दुसरा ससा असता तर त्याने चाटलं असतं. गिनीपिग बिचारा तसाच उभा. मग सशाने त्याला नाकाने ढोसलं, आणि ढोसूनही काही होईना म्हटल्यावर त्याच्या पाठीवर चढला. गिनीपिग दात कडकडवत बाटलीखाली परत गेला. मुलगी म्हणाली, "खेळत्यात."

मी तिला गिनीपिगच्या पाठीवरून हात फिरवायला सांगितलं. केस राठ होते, कण्याची हाडं बोटांना लागत होती.

ससा तीन किलोचा, आणि त्याच्या मागच्या पायांत घाबरल्यावर जी ताकद येते ती त्याच्या वजनाच्या मानाने अचाट असते. ससा लाथ रागानेच मारतो असं नाही, बाहेर फटाका वाजला तरी मारतो. ती बरगडीवर बसली तर गिनीपिग संपला. खासबागेच्या मैदानात कुस्तीची जोड लावताना वस्ताद आधी वजन आणि तयारी बघतात, दोघांचा स्वभाव शांत आहे म्हणून पोराला हिंदकेसरीसमोर कुणी उभं करत नाही. पिंजऱ्यात मात्र आपण बेधडक तसं करतो.

लाथेहून मला जास्त भीती वाटते ती न दिसणाऱ्या गोष्टींची. सशाच्या नाका-घशात बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका नावाचा जिवाणू अनेकदा मुक्कामाला असतो. सशाला त्याचं काही वाटत नाही, फार तर शिंक येते. तोच जिवाणू गिनीपिगच्या फुफ्फुसात गेला की न्यूमोनिया होतो, आणि गिनीपिग आजार इतका लपवतो की आपल्याला कळेपर्यंत त्याने खाणं सोडलेलं असतं. दुसरी गोष्ट क जीवनसत्त्वाची. ससा ते स्वतःच्या शरीरात तयार करतो. गिनीपिगला माणसासारखंच ते जमत नाही, रोजच्या खाण्यातून मिळालं तरच मिळालं, किलोमागे दिवसाला साधारण १० ते ३० मिलिग्रॅम. सशाच्या पेलेटमध्ये, म्हणजे तयार गोळीखाद्यात, ते घातलेलं नसतं, कारण सशाला गरजच नाही. एका वाटीत दोघांना सशाचं खाद्य पडत राहिलं की काही आठवड्यांत गिनीपिगचे सांधे दुखायला लागतात, केस राठ होतात, तो हलेनासा होतो. घरचे म्हणतात, शांत झालाय. गिनीपिगसाठी बनवलेल्या पेलेटमध्येही हे जीवनसत्त्व तीनेक महिन्यांत बरंचसं उडून जातं, म्हणून ढबू मिरची, कोथिंबीर, पेरू रोज हवेत, आणि ते त्याच्याच पोटात गेले हे डोळ्यांनी बघायला हवं. वैरणीच्या बाजारातून लसूणघासाची पेंढी आणून टाकली की काम झालं असं होत नाही. तिच्यात कॅल्शियम भरपूर असतं, वाढलेल्या जनावरांना ती रोज देऊ नये.

मुलीचे वडील आतून आले. "वहिनी, दोन पिंजरं कुठं ठेवू ओ? घर हाय का न्यू पॅलेस?"

त्यांनी सहज उच्चारलेल्या न्यू पॅलेसमुळे, म्हणजे छत्रपतींच्या राजवाड्यामुळे, मला आपल्या गावचे चित्ते आठवले. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत. डोळ्यांवर टोपडं घातलेले, खाटेवर बसलेले, शेजारी त्यांचे रखवालदार, असे जुने फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे चित्ते आफ्रिकेतून आणावे लागत, कारण हिंदुस्थानातले संपत आले होते आणि पाळलेल्यांना पिल्लं होत नसत. ही अडचण फार जुनी. अकबराने हजारभर चित्ते जमवले होते. नर-माद्यांची जोडी जमावी म्हणून त्यांना पट्टे काढून बागांमध्ये एकत्र सोडलं जाई, तरी काही होत नसे. एकदाच एक नर पट्टा तोडून मादीकडे गेला आणि तीन पिल्लं झाली, असं जहांगिराने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे.

त्या बागांत चित्ते एकमेकांचे गळे धरत होते असं काही नव्हतं. तरीही पिल्लं नाहीत. याचा उलगडा बऱ्याच उशिरा झाला. चित्त्याची मादी निसर्गात एकटी राहते, पिल्लं असतील तेवढाच काळ तिच्याबरोबर कुणी असतं. नर, त्यातही भाऊ-भाऊ, टोळी करून राहतात. प्राणिसंग्रहालयांमध्ये माद्या जोडीने ठेवून त्यांची संप्रेरकं तपासली तेव्हा दिसलं की एकत्र असताना त्यांची ऋतुचक्रं मंदावतात किंवा थांबतात, वेगळ्या केल्या की पुन्हा सुरू होतात. बाहेरून बघणाऱ्याला मारामारी दिसलेली नसली तरी हे घडत होतं. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. दोघी एकाच जातीच्या, जागा आपल्या पिंजऱ्यांच्या मानाने प्रचंड, देखभाल करणारे तज्ज्ञ, आणि तरी शरीर आतून बंद पडत होतं. मग कोपऱ्यात बाटलीखाली बसलेल्या त्या गिनीपिगचं आपण काय समजायचं?

शिकार होणाऱ्या प्राण्याला भांडण परवडत नाही. तो आकसतो, कमी खातो, कमी झोपतो, कमी बोलतो. 'शांत आहेत' म्हणून आपण जे सांगतो ते पुष्कळदा हेच असतं. म्हणून मी भांडतात का हे विचारतच नाही. वजन विचारते. स्वयंपाकघरातला काटा घेऊन दर रविवारी दोघांचं वजन वहीत लिहा म्हणते. एकाचं घटत असेल तर पुढचं बोलायला लागत नाही.

हॅमस्टरच्या बाबतीत तर दुकानातली जोडीच फसवी असते. सीरियन हॅमस्टर लहानपणी एकत्र लोळतात, वयाच्या आठेक आठवड्यांनंतर त्यांना दुसरा हॅमस्टर डोळ्यांसमोर नको असतो, आणि एका पिंजऱ्यात कोंडले तर एकाचा जीव जाईपर्यंत लढतात. सकाळी पिंजऱ्यात रक्त बघून रडणारं पोर मी पाहिलंय. उंदीर आणि पांढरी उंदरं, म्हणजे रॅट आणि माइस, यांना तर एका खोलीतही ठेवू नये. रॅट माइसला मारून खातात, आणि नुसत्या वासानेही माइस भेदरून जातात.

पक्ष्यांकडे आलं की लोक मला म्हणतात, बाहेर झाडावर सगळे एकत्रच बसतात की. बसतात खरे, पण नको वाटलं की उडून जातात. जाळीच्या आत उडून जायला दुसरं झाड नसतं. आपल्याकडे 'लव्हबर्ड' म्हणून सर्रास विकतात ते खरं तर बजरीगर, ऑस्ट्रेलियाचे, तीस-चाळीस ग्रॅमचे. खरा आफ्रिकन लव्हबर्ड वेगळा, आखूड शेपटीचा, थोराड चोचीचा. हे माहीत नसल्यामुळे लोक बजरीच्या पिंजऱ्यात आफ्रिकन जोडी सोडतात. लव्हबर्ड पायाची बोटं धरतो. बजरी जाळीला लटकलेला असतो, पलीकडच्या दांडीवरून लव्हबर्ड येतो आणि बोट तोडतो, एका क्षणात. फिंचसारख्या चिमुकल्या पक्ष्याचा तर पायच जातो. शेजारी-शेजारी पिंजरे लावतानाही मध्ये वीतभर जागा किंवा फळी हवी, ती याचसाठी.

कॉकटेल आणि बजरी यांचं बरं जमू शकतं, पण उलट्या धाकाने. आकाराने कॉकटेल दुप्पट, स्वभावाने मवाळ. बजरी त्याची शेपटी ओढतो, दाण्याच्या वाटीवरून हाकलतो, आणि कॉकटेल मागे सरतो. शिवाय कॉकटेलला रात्री एकाएकी भीतीचा झटका येतो. अंधारात काही खडखडलं की तो पंख झोडत पिंजराभर आपटतो, आणि त्याच्याबरोबर सगळे आपटतात. आमच्याकडे रात्री लाइट गेली की मी आधी मागच्या खोलीत जाते, बॅटरीवरचा छोटा दिवा लावायला. गणपतीत आणि दिवाळीत तर तो दिवा मी हलवतच नाही. एका छोट्या पिंजऱ्यात पाच जातींचे पक्षी असतील तर त्या झटक्यात कुणाची मान कुठे अडकेल याचा नेम नाही.

नवा पक्षी आणला की महिनाभर तरी दुसऱ्या खोलीत ठेवा, हे मी हात जोडून सांगते. पोपटवर्गातल्या पक्ष्यांत क्लॅमिडिया सिटासी नावाचा जिवाणू असतो, तो लक्षणं न दाखवता पसरतो आणि माणसालाही न्यूमोनिया करतो. जुलै-ऑगस्टात आपल्याकडे भिंतींना ओल येते, दाण्याला बुरशी धरते, पक्ष्यांची फुफ्फुसं आधीच बेजार असतात. त्या दिवसांत बाहेरचा पक्षी आणून थेट घोळक्यात सोडणं मला बघवत नाही. आणि पाळलेला हिरवा देशी पोपट दुसऱ्या परदेशी पक्ष्यांबरोबर ठेवू का असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते, की १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो घरात ठेवायचाच नसतो, वनविभागाला कळवा.

कासवाचंही आधी तेच. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं तारा कासव कुणी 'लकी' म्हणून देऊ केलं तर घेऊ नका, तो गुन्हा आहे. टाकीत येतं ते लाल कानाचं स्लायडर, अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. आणताना रुपयाएवढं, मादी वाढून पंचवीस-तीस सेंटीमीटरची होते आणि नीट सांभाळली तर आपली पोरं लग्नाला येईपर्यंत जगते. लहानपणी ते जास्त करून मांसाहारी असतं. गोल्डफिशच्या शेपट्या आधी कुरतडल्या जातात, मग मासे. त्याला अंग कोरडं करायला उन्हाची जागा लागते, अतिनील दिवा लागतो, ते माशांच्या टाकीत कुठून मिळणार? अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे, कारण लहान मुलं ती हाताळून साल्मोनेला नावाच्या जिवाणूने आजारी पडत होती. कासवाबरोबर सरडा किंवा साप ठेवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. एंटामिबा इन्व्हेडेन्स हा परजीवी कासवाच्या आतड्यात निवांत राहतो आणि सापाच्या, सरड्याच्या आतड्याची चाळण करतो. कासव नको झालं म्हणून ते रंकाळ्यात किंवा कोटीतीर्थाच्या तळ्यात सोडायचा विचारही नको. तिथल्या देशी कासवांच्या आणि माशांच्या तोंडचा घास ते काढतं.

रील्सवर दाढीवाले सरडे एकमेकांच्या अंगावर पहुडलेले दिसतात आणि खाली हजार बदाम पडतात. दिव्याखालची ऊब आणि किरणं एकाच जागी मिळतात, ती वरचा घेतो आणि खालचा दबून राहतो. खालचा काही महिन्यांनी लहानच राहिलेला असतो. त्यात ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळावरचा हा दिवसा जागणारा सरडा आणि दमट जंगलातला इग्वाना एका काचेत ठेवले तर हवा कुणाच्या सोयीची ठेवणार? एकाला चाळीस अंशांची तापायची जागा आणि कोरडी हवा लागते, दुसऱ्याला ओलावा. मधलं काही ठेवलं की दोघांचेही हाल. इग्वानासारख्या, साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांची २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, हेही घेतानाच विचारून घ्यावं.

एकत्र राहणं कुठेच जमत नाही असं माझं म्हणणं नाही. माशांमध्ये ते सुंदर जमतं, जर पाणी एकाच प्रकृतीचं असेल तर. अ‍ॅमेझॉन खोऱ्यातले टेट्रा मधल्या थरात, कोरीडोरास तळाला, दोघेही आपापल्या घोळक्यात, कुणी कुणाच्या वाटेत नाही. त्याच टाकीत एंजल मासळी मोठी झाली की निऑन टेट्रा गिळते, आणि काच साफ करायला म्हणून आणलेला सकर मासा गोल्डफिशच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो, हे मात्र दुकानदार सहसा सांगत नाहीत. मोठ्या प्राणिसंग्रहालयांत जिराफ, झेब्रे, शहामृग एका मैदानात फिरतात. तिथे एकरांत जागा असते, नजरेआड व्हायला आडोसे असतात, आणि संध्याकाळी प्रत्येक जण आपल्या वेगळ्या घरात जातो. त्या रात्रीच्या घरांवरच सगळा खेळ उभा असतो. छपराच्या माडीवर जाळी मारून कुणी खोलीएवढा पक्षीखाना केला, दाण्याच्या चार जागा ठेवल्या, तर जमिनीवर टिपणारे छोटे डायमंड होले आणि वरच्या फांद्यांवरचे झेब्रा फिंच आनंदाने राहतात. मी असा पक्षीखाना बघून तासभर तिथेच बसून राहिले होते.

त्या मुलीच्या वडिलांनी शेवटी पिंजरा वेगळा केला. सुताराकडून फळ्या आणि जाळी आणून जुन्या पलंगाखाली गिनीपिगसाठी लांबट जागा केली, सशाला जिन्याखालची कोनाड्याची जागा दिली. महिन्याभराने एक मादी गिनीपिग आणली, आपलीही मादीच आहे याची खात्री करून घेऊन. पहिल्याच आठवड्यात मुलगी धावत सांगायला आली की आधीची गिनीपिग उड्या मारते, जागच्या जागी, चारी पाय उचलून. आनंदात असलेला गिनीपिग असंच करतो. वजनही वाढलंय म्हणाली, वही दाखवली.

ज्यांच्या घरी ससा आणि गिनीपिग चार-पाच वर्षं एकत्र आहेत, एकमेकांना टेकून झोपतात, त्यांना मी एकदम तोडा असं सांगत नाही. वय झालेल्या जिवाला तोही घाव असतो. सशाची नसबंदी करून घ्या. पिंजरा दुपटीने वाढवा. लाकडी खोकं ठेवा, ज्याच्या दारातून गिनीपिग जाईल आणि ससा जाणार नाही. ढबू मिरची आणि पेरू त्या खोक्यात द्या. एकाला औषध लागलं तर डॉक्टरला दुसरा कोण आहे ते सांगा, आणि दोघांपैकी कुणालाच तोंडावाटे पेनिसिलिनच्या गटातलं औषध देऊ नका, दोघांच्याही आतड्यांना ते जीवघेणं ठरतं. आणि उद्या ससा गेला, गिनीपिग मागे राहिला, तर त्याच्यासाठी पुन्हा ससा आणू नका.